उजवा खांदा

दोन खांद्यांची मापं जुळेनात, म्हणून मास्तरांनी टेप काढली आणि पुन्हा लावली. डाव्या बाजूला मानेच्या मुळापासून कोपरापर्यंत जेवढं भरलं, त्याहून उजव्या बाजूला बोटभर जास्त. बोटभर म्हणजे थोडंथोडकं नव्हे. अर्ध्या बोटाच्या फरकानं चांगला कोट बोंबलतो, हे मास्तर चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. त्यांनी टेप गळ्यात टाकली, चष्मा कपाळावर सरकवला आणि टेपला जे कळत नव्हतं ते बोटांना विचारलं. उजव्या खांद्यावरच्या राठ, करड्या केसांत बोटं खुपसली तर आत मऊ केसांचा दुसरा थर लागला, आणि त्याच्याही खाली, जिथे नुसतं कातडं असायला हवं तिथे, टाचेसारखं काहीतरी कठीण लागलं. तळहाताएवढं. सुकलेलं. घट्टा. मास्तरांनी हात मागे घेतला. त्यांच्या स्वतःच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कात्रीच्या कडीनं पाडलेला असाच एक घट्टा होता, आणि क्षणभर त्यांना वाटलं की आपण माप घेत होतो हे खरं, पण घेतलं गेलं ते आपलंच. कुत्रा मात्र हलला नव्हता. माप देणारी मोठी माणसं जशी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहतात, तसा तो खिडकीबाहेरच्या मैदानाकडे बघत उभा होता.

"झालं का, मास्तर?" दाराला टेकून उभा असलेला मैदानाचा माळी म्हणाला. कुत्रा त्याच्या ताब्यात असायचा.

"याच्या उजव्या खांद्याला काय झालं होतं?"

"काय व्हायचंय? खांदा आहे तो. कुत्र्यालाही असतो."

"हात लावून बघ."

"नको बाबा. मी त्याला खायला घालतो, तो मला चावत नाही. एवढ्यावर आमचं बरं चाललंय. उगाच सलगी कशाला वाढवा?"

मास्तरांनी मापाच्या वहीत 'उजवा' असं लिहिलं, त्यापुढे आकडा लिहिला आणि आकड्याखाली रेघ मारली. वहीचं हे शेवटचं पान होतं, आणि ते योगायोगानं शेवटचं नव्हतं. विद्यापीठाच्या झग्यांच्या खोलीत मास्तरांनी अडतीस पदवीदानं काढली होती. पोरासोरांचे काळे झगे, प्राध्यापकांचे रंगीत काठांचे, कुलगुरूंचा तो जड, जरीचा, जो घातल्यावर दर कुलगुरू आधी खांदे पाडायचे आणि मग आरशात बघून वर करायचे. यंदा मात्र झगे बाहेरून तयार आले होते. लहान, मध्यम, मोठा. खोकी फोडताना मास्तर अधीक्षक बाईंना म्हणाले होते, "बरं झालं, माणसं आता तीनच प्रकारची राहिली." बाई हसल्या, पण त्यांना वाईटही वाटलं असावं, कारण तयार झग्यांच्या यादीत कुत्रा नाही असं लक्षात आल्याबरोबर त्या स्वतः जिना उतरून खाली आल्या. हातात पत्र होतं. पत्रात लिहिलं होतं की, सदर मानचिन्ह मागील दोन्ही समारंभांत मिरवणुकीच्या मार्गात मध्येच बसल्यामुळे कार्यक्रमास विलंब झाला. यंदाही तसे घडल्यास सदर मानचिन्हाची अन्यत्र व्यवस्था करण्यात येईल.

"सदर मानचिन्ह म्हणजे करड्या?" मास्तरांनी विचारलं होतं.

"करड्याच. पहिल्या वर्षी बसला, लोक हसले. दुसऱ्या वर्षी बसला, लोक हसले नाहीत. प्रमुख पाहुणे अकरा मिनिटं उन्हात उभे होते, मास्तर. अकरा."

"आणि अन्यत्र म्हणजे?"

"अन्यत्र म्हणजे अन्यत्र. सात वर्षांचा कुत्रा कोण घेतंय? असेल तिथं बांधून ठेवतील." बाईंनी पत्राची घडी घातली. "पुढच्या वर्षीपासून कुत्र्याच्या पोशाखातला माणूस. त्याला निदान सांगता तरी येतं. तोवर याला झगा शिवा. झगा घातला की जरा जबाबदारीची जाणीव होईल, असं कुलगुरूंना वाटतं."

तेव्हा ही अशी गंमत होती, आणि गंमत म्हणूनच मास्तरांनी ती हातात घेतली. पण माप घेतलं त्या संध्याकाळी घरी जाताना ते नेहमीच्या वळणावर न वळता सरळ पुढे गेले, आणि चार दुकानं मागे पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण मघापासून एकच गोष्ट घोळवतोय. शरीर कामाशिवाय घट्टा पाडत नाही. हे त्यांना जितकं ठाम माहीत होतं तितक्या फार थोड्या गोष्टी त्यांना ठाम माहीत होत्या. सुताराचा तळहात, ओझं वाहणाऱ्याची मान, लिहिणाऱ्याचं मधलं बोट. उभ्या जन्मात हजारो अंगांवरून त्यांचा हात फिरला होता आणि अंग कधी खोटं बोललं नव्हतं. बोलायची ती माणसं. मग या जनावरानं खांद्यानं असं काय केलं? ओढलं असतं तर घट्टा छातीवर पडला असता. ओझं वाहिलं असतं तर पाठीवर. फक्त खांदा, तोही उजवा, तोही बाहेरच्या अंगानं. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, कुठं घासत असेल भिंतीला. तुम्ही ना, जोड्याच्या टाचेवरून माणसाची कुंडली मांडाल." आणि चहाचा कप पुढ्यात ठेवत म्हणाली, "लेकीचा फोन आला होता. पुढच्या रविवारी परत करते म्हणाली. जावईही होते जवळ. मी म्हटलं, यंदा बाबांचं शेवटचं पदवीदान. तर म्हणाली, बाबांना म्हणावं, त्या पायरीची गोष्ट पुन्हा ऐकायचीय."

मास्तरांनी कप उचलला आणि तसाच ठेवला. त्या पायरीच्या गोष्टीला चौदा वर्षं झाली होती. लेकीला पदवी मिळाली त्या दिवशी तिचा झगा त्यांनी स्वतः शिवला होता, स्वतः घातला होता, मानेमागचा हूक लावताना तिचे केस अडकले तेव्हा ती "बाबा, दुखतं ना" असं अगदी शाळेतल्यासारखं म्हणाली होती. आणि मग मिरवणूक निघाली. झग्यांच्या खोलीपासून सभागृहाच्या दारापर्यंत मोजून तीस पावलांचा बोळ. त्या तीस पावलांपलीकडे मास्तर कधीच गेले नव्हते. कुणी मनाई केली नव्हती. पण पहिल्या वर्षी ते दारापर्यंत गेले, आत सगळे झग्यात आणि आपण सदऱ्यात, गळ्यात टेप, छातीला टाचण्या, असं दिसलं आणि ते मागे फिरले. दुसऱ्या वर्षी त्याचा नियम झाला, आणि पुढे त्या नियमाला 'काम असतं' असं नाव पडलं. लेकीच्या वर्षी मात्र ते जाणार होते. बायको आधीच आत जाऊन बसली होती, तेही निघाले होते. तेवढ्यात एका प्राध्यापकांच्या झग्याची बाही उसवली, ते गृहस्थ घाईनं परत आले, आणि मास्तर त्यांच्या काखेत टाके घालत असताना भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या. टाळ्या सगळ्यांनाच होत होत्या. त्यांतल्या आपल्या कुठल्या, हे टाळ्यांच्या आवाजावरून कळत नाही. संध्याकाळी लेकीनं विचारलं, "बाबा, होतात ना मागे? दिसले का मी?" आणि मास्तर म्हणाले, "दिसलीस की. पायरी चढताना झगा अडकला ना जरा? मला वाटलं, पडते आता." झगा बोटभर लांब राहिला होता हे त्यांना माहीत होतं, म्हणून नेम धरून मारलेला खडा. ती एक क्षण गप्प झाली होती आणि मग म्हणाली होती, "हो ना बाबा! जीव नुसता वर आला होता." खडा बरोबर लागला म्हणून मास्तर सुटले, आणि सुटले म्हणूनच अडकले. कारण त्या दिवसापासून ती गोष्ट घरातल्या भांड्यासारखी वापरात आली. जावयाला सांगितली गेली, व्याह्यांना सांगितली गेली. बायको तर दर वेळी म्हणायची, "सांगा ना, तुम्हीच छान सांगता," आणि ते सांगू लागले की गोष्टीच्या मानानं जरा जास्तच हसायची.

झगा पाचव्या दिवशी तयार झाला. काळा, विद्यापीठाच्या रंगाचा काठ, पोटाखाली दोन बंद. विद्यापीठाच्या शिक्क्यावर या जातीचा कुत्रा कोरलेला होता: मान ताठ, छाती पुढे, एक पाय उचललेला. डोंगराळ कुरणांतली, थंडीवाऱ्यात उघड्या दगडावर झोपणारी, अर्धपोटी राहून चार-चार दिवस चालणारी जात. आपली मुलं अशी चिवट व्हावीत म्हणून संस्थापकांनी निवडलेली. मास्तरांनी झगा बेतला तो त्या शिक्क्याकडे बघून, आणि उभ्या करड्यावर तो असा बसला की अधीक्षक बाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगदी शिक्क्यातून उतरलाय हो!" मग मिरवणुकीची तालीम झाली. वीसेक कर्मचारी जोडीजोडीनं उभे राहिले, पुढे करड्या, त्याच्या बाजूला दोरी धरून माळी. माळी "चल" म्हणाला. करड्या चार पावलं चालला. मग थांबला, वळला, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली, आणि पुढचे पाय लांब टाकून, हनुवटी जमिनीला लावून, पसरला. त्याच वेळी टर्र असा आवाज झाला. उजव्या खांद्याची शिवण वीतभर उसवली होती.

"बसला," माळी म्हणाला. जसं काही कुणाला दिसलंच नव्हतं.

"त्याला काही पुढं बिस्किट वगैरे दाखवा ना," बाई म्हणाल्या.

"दाखवलं, बाई, मागच्या वर्षी. तो बिस्किटाकडे बघतो, माझ्याकडे बघतो, आणि मलाच लाज वाटते."

मास्तर खाली बसून उसवलेली शिवण बघत होते. शिवण उसवणं म्हणजे शिंप्याच्या तोंडावर मारल्यासारखंच. पण त्यांना राग आला नाही, उलट कान टवकारल्यासारखं काहीतरी झालं. ज्यांच्या हाताखाली ते शिकले ते थोरले मास्तर त्यांना आठवले. पायानं अधू, तोंडानं तिखट. ते म्हणायचे, माप देताना माणूस खोटा उभा राहतो रे. पोट आत, छाती बाहेर, जन्मात कधी उभा राहिला नसेल तसा. ते माप घेतलंस तर कपडा आरशापुरता शिवशील. त्याला त्याचं काम विचार. बोलता बोलता तो आपल्या कामाच्या बसणीत येतो, तेव्हा टेप लाव. कारकुनाचा कोट बसवून मापायचा, फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकाचा हात वर करून, वाढप्याचा हात पुढे करून. अडतीस वर्षं झग्यांत गेली आणि मास्तर हे विसरले. झगा ही एकच वस्तू अशी की ती कुणाच्याच कामाची नाही. सगळ्यांनी तासभर खोटं उभं राहण्यासाठीच ती असते. म्हणून त्यांनी करड्यालाही शिक्क्यासारखा उभा करून मापला. त्याला त्याचं काम विचारलंच नाही.

मग ते विचारायला लागले. रोज दुपारनंतर खुर्ची घेऊन ते मैदानाच्या कडेला भिंतीच्या सावलीत बसायचे. माळ्याला आधी संशय आला, मग करमणूक वाटू लागली, मग तो स्वतःच शेजारी येऊन बसू लागला. करड्या कडुनिंबाखाली पडलेला असायचा. चेंडू टाकला तर चेंडूकडे बघायचाही नाही. मांजर गेली तर एक कान तेवढा वळवायचा. "याला आणायला मीच गेलो होतो," माळी म्हणाला. "एका म्हाताऱ्या मेंढपाळाकडे. त्याची मेंढरं गेली सगळी. पोरं शहरात, गुडघे गेलेले. देताना एकच बोलला: याला रिकामा ठेवू नका. मी म्हटलं, रिकामा कसला, विद्यापीठात चाललाय!" आणि स्वतःच्याच विनोदावर तो हसला, पण थोडाच. पोरी मैदानाला फेऱ्या मारायच्या. दहा-बारा जणींचा घोळका पुढे, आणि एक ठेंगणी, दमलेली, कायम मागे. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी पाहिलं, किंवा पाहत तर ते रोजच होते, तिसऱ्या दिवशी त्यांना दिसलं: ती ठेंगणी पाव फेरी मागे पडली की करड्या उठायचा. धावायचा नाही. मान खाली, जमिनीला लागून, मोठा वळसा घालून तिच्या मागे जायचा आणि तिच्या गुडघ्यामागे उजवा खांदा लावायचा. ढकलणं नव्हे, कुणी पाठीवर हात ठेवून 'चल हं' म्हणावं तेवढंच. "ए, आलास का तू छळायला!" असं म्हणत ती हसायची आणि वेग वाढवायची. फेऱ्या संपून सगळ्या जणी गोल करून पाणी पीत उभ्या राहिल्या की करड्या त्या गोलाभोवती एक चक्कर मारायचा, एकेकीकडे बघायचा, आणि मग पाय लांब टाकून, हनुवटी जमिनीला लावून, पसरायचा.

"रोजचं आहे हे," माळी म्हणाला. "हजेरी घेतो लेकाचा."

मास्तर खुर्चीतून उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या, ते तसेच लंगडत पोरींकडे गेले आणि म्हणाले, "बाळांनो, माझं एक काम कराल? अशाच उभ्या राहा. आणि तू, तू एकटी त्या झाडापर्यंत चालत जा." ठेंगणी म्हणाली, "मीच का, आजोबा? नेहमी मीच!" पण गेली. पसरलेल्या करड्याचे डोळे तिच्यामागे गेले. ती दहा पावलांवर गेली तेव्हा तो उठून बसला, पंधरावर उभा राहिला, आणि विसाव्या पावलाला मोठा वळसा घालून निघाला. तिला आणून घोळक्यात सोडलं, मोजलं, पसरला. मास्तरांनी पुन्हा करायला लावलं. मग दोघींना पाठवलं, दोन दिशांना. पोरींना आता मजा यायला लागली होती. त्या लपायला लागल्या, खोटं खोटं पळायला लागल्या, आणि सात वर्षांचा तो करडा कुत्रा मैदानभर न भुंकता, न चिडता, एकेकीला खांद्यानं आणून ठेवत राहिला. शेवटची आली की पसरायचा. दर वेळी. एक राहिली असेल तर नाही म्हणजे नाही. मास्तर बघत राहिले आणि त्यांच्या छातीत काहीतरी हलकं हलकं होत गेलं, लहानपणी पहिल्यांदा गणित सुटलं होतं तसं. दोन वर्षं सगळं विद्यापीठ म्हणत होतं, तो बसतो. तो अडतो. तो ऐकत नाही. आणि तो बिचारा दोन वर्षं त्यांना सांगत होता: सगळे आले. कुणी हरवलं नाही. माझं काम झालं. जोडीजोडीनं नीट लावलेली ती रांग त्याच्या मागे उभी करून ते त्याला म्हणत होते 'चल'. आणि तो मागे वळून मोजायचा, एकही कमी नाही असं बघायचा, आणि पसरायचा. त्याची जागा पुढे नव्हतीच. पुढचा रस्ता ज्यांना माहीत असतो ते पुढे चालतात. करड्याला माहीत होतं ते मागचं.

अधीक्षक बाईंनी दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मास्तर, मानचिन्ह मागे कसं चालेल? मान म्हणून तर ते चिन्ह."

"मिरवणुकीत सगळ्यात शेवटी कोण चालतं, बाई?"

"कुलगुरू. म्हणजे आधी विद्यार्थी, मग प्राध्यापक, मग पाहुणे, आणि मोठ्यात मोठा मान शेव—" बाई थांबल्या. त्यांनी मास्तरांकडे बघितलं. "आणि त्यानं कुलगुरूंना गुडघ्यात खांदा मारला तर?"

"कुलगुरू मागे पडले तरच मारेल."

बाईंना हसू आवरेना, पण पत्रावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हे मात्र हसण्यावारी नाही हं. मी माझ्या सहीनं क्रम बदलते. यंदा तो दाराच्या आत गेला नाही, तर मला काहीही करता येणार नाही."

मास्तरांनी झगा उसवला. पुढचे दोन दिवस करड्या पसरलेला असतानाच त्यांनी मापं घेतली, मान खाली घालून चालतानाची घेतली, खांदा लावतानाची तर त्याच्याबरोबर वाकून चालत घेतली, आणि माळी पोट धरून हसला. उजव्या मुंढ्याखाली त्यांनी एक कळी, म्हणजे ताण पडला की उघडणारा तिकोनी तुकडा, जोडली, आत सगळ्यात मऊ अस्तर लावलं. मापाच्या वहीत पूर्वीचे आकडे न खोडता बाजूला नवे लिहिले. आकडे लिहिताना त्यांना वाटलं की लेकीला हे सांगावं. रविवारी फोन आला तेव्हा सांगितलंही, आणि तिनं अगदी लहान मुलीसारखं "मग? मग काय केलं त्यानं?" असं विचारत ऐकलं. शेवटी म्हणाली, "बाबा, यंदा तुम्ही आत जाऊन बसा हं. मागे नका उभे राहू." मास्तर म्हणाले, "बघू, काम असतं." "हो," ती म्हणाली, "ते तर आहेच."

पदवीदानाच्या सकाळी झग्यांची खोली नेहमीसारखी भरली आणि नेहमीसारखी रिकामी होऊ लागली. तयार झगे खांद्यांवरून घसरत होते, बाह्या बोटांवर येत होत्या. मास्तरांनी जमेल तिथे टाचण्या लावल्या. करड्या झगा घालून कोपऱ्यात उभा राहिला, आणि दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाकडे बघत राहिला. पोरं गेली, प्राध्यापक गेले, पाहुणे गेले. कुलगुरू आपला जरीचा झगा सावरत म्हणाले, "हा माझ्या मागे?" माळी म्हणाला, "हो साहेब, जरा पाय उचलून चाला." आणि ते खरोखरच पाय उचलून चालू लागले. करड्या निघाला. मान खाली, पावलं मऊ, रांगेच्या टोकामागे या कडेपासून त्या कडेपर्यंत हलकेच वावरत. बोळाच्या या टोकाला उभं राहून मास्तर काळ्या कापडाखाली उजवा खांदा पुढे-मागे होताना बघत होते. कळी काम करत होती. रांग दारातून आत ओघळत गेली. शेवटी कुलगुरू गेले. करड्या उंबऱ्यापाशी आला आणि थांबला.

आतला बँड वाजत होता. माळ्यानं दोरी हलकेच ओढली. करड्या वळला. तीस पावलांचा रिकामा बोळ, त्याच्या टोकाला खोलीचं उघडं दार, आणि दारात गळ्यात टेप घातलेला एक माणूस. ज्या खोलीतून सगळे निघाले तिथे एक राहिला होता. मास्तरांना हे त्याच्याही आधी कळलं. "नाही रे," ते पुटपुटले, "मी नाही. जा तू." करड्यानं मान खाली घातली. माळ्यानं दोरी सोडून दिली. नंतर तो म्हणाला की सुटली, पण त्यानं सोडली. कुत्रा भिंतीच्या कडेनं बोळ पार करून आला, मास्तरांना वळसा घालून मागे गेला, आणि त्यांच्या गुडघ्यामागे काहीतरी जड, गरम, बिनआवाजाचं येऊन टेकलं.

"अरे, मी त्यांच्यातला नव्हे," मास्तर म्हणाले. असा काही फरक असतो हे त्या खांद्याला माहीत नव्हतं. दाराशी अधीक्षक बाई आल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मास्तर," माळी तिथून ओरडला, "चला आता! तुम्ही आल्याशिवाय तो काही आत जायचा नाही. आणि ते पत्र तुम्हीही वाचलंय!"

तेव्हा मास्तर चालले. पहिल्या पावलाला छातीच्या टाचण्यांची लाज वाटली, दहाव्याला टेप काढून खिशात घालावी असं वाटलं, आणि विसाव्यापासून फक्त गुडघ्यामागची ती ऊब उरली. उंबरा ओलांडताना त्यांना काहीच वाटलं नाही, याचं त्यांना नंतर नवल वाटलं. आत सगळे वळून बघत होते. कुणी हसत होतं, कुणी उभं राहून बघत होतं, आणि मास्तर मात्र माणसांकडे न बघता, अडतीस वर्षं साठवलेल्या कुतूहलानं, समोर मंचाकडे बघत होते. ती पायरी कुठली, हे त्यांना बघायचं होतं. डावीकडून पदवी घ्यायला चढायची जागा होती. तिथे पायरी नव्हती. दगडी उतरण होती. रुंद, सावकाश चढत जाणारी, मधोमध झिजून खोलगट झालेली. चौदा वर्षांत झिजणं शक्य नाही इतकी. त्यांनी उजवीकडे बघितलं. तिथेही उतरणच.

पायरी कधी नव्हतीच. 'हो ना बाबा, जीव नुसता वर आला होता.' आणि त्याआधीची ती क्षणभराची शांतता. आणि याच सभागृहात, कुठल्या तरी खुर्चीवर बसून सगळं डोळ्यांनी पाहिलेली बायको: 'सांगा ना, तुम्हीच छान सांगता.' मास्तरांनी शेवटच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. म्हणजे चौदा वर्षं त्या दोघी एकेका बाजूनं, अगदी हलकेच, आपल्याला आत घेऊन चालल्या होत्या. आणि आपण समजत होतो की आपण लपलोय.

गुडघ्यामागची ऊब दूर झाली. करड्या शेवटच्या रांगेमागून एक चक्कर मारून आला. त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, मग मास्तरांकडे बघितलं, आणि पुढचे पाय लांब टाकून, हनुवटी जमिनीला लावून, पसरला. मास्तर वाकले. सवयीनं त्यांची बोटं आधी शिवणीकडे गेली. उजव्या खांद्यावर, त्या घट्ट्यावर, कापड सैल, निवांत पडलं होतं. कुठेही ओढलं जात नव्हतं.